गाणं ऐकायला मिळतं, ठेवायला मिळत नाही

2012 च्या फेब्रुवारीत फ्लिपकार्टने 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान काढलं. गाणी एमपी3 फाइलच्या रूपात विकत मिळायची आणि फाइलला कसलंही कुलूप नसायचं, म्हणजे ती कुठल्याही यंत्रावर वाजवता यायची. दुकान चाललं नाही. पुढच्याच वर्षी, जून 2013 मध्ये, ते बंद झालं. एअरटेलचं 'विंक म्युझिक' 2014 साली आलं, दहा वर्षं घराघरांतल्या फोनवर वाजलं, आणि ऑगस्ट 2024 मध्ये कंपनी ते गुंडाळणार असल्याचं जाहीर झालं. आता गंमत बघा. दीड वर्षही न टिकलेल्या दुकानातून ज्याने गाणी घेऊन नीट ठेवली, त्याच्याकडे ती आजही वाजतात. दहा वर्षं चाललेल्या अ‍ॅपमध्ये ज्याने शेकडो गाणी 'डाउनलोड' करून ठेवली होती, त्याच्या त्या डाउनलोडचं अ‍ॅपबरोबरच विसर्जन झालं.

मुंबईकराला हा फरक समजावून सांगायला नको. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारतो. अ‍ॅपमधली गाणी आपल्याकडे असतात ती याच बोलीवर. न्यायालयानेही जवळपास हेच म्हटलं आहे, आणि तेही इथल्याच. टिप्स विरुद्ध विंक या खटल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये दिला आणि 2022 साली खंडपीठाने तो कायम ठेवला. रेडिओ-टीव्हीला कॉपीराइट कायद्याच्या 31ड कलमाखाली जो वैधानिक परवाना मिळतो, ठरलेले पैसे भरा आणि गाणी वाजवा, तो इंटरनेटवरच्या अ‍ॅपला मिळतो का, असा तो वाद होता. न्यायालयाने नाही म्हटलं. शिवाय अ‍ॅपमधून गाणं उतरवून घ्यायची सोय हे प्रसारण नव्हे, ती विक्री किंवा व्यावसायिक भाड्याच्या खात्यात जाते, असंही स्पष्ट केलं. आपण महिन्याचे पैसे भरणारे त्यातल्या दुसऱ्या खात्यात मोडतो, हे वेगळं सांगायला नको.

निकाल योग्यच होता असं माझं मत आहे. आपलं गाणं कुणाला, किती पैशांत द्यायचं हे हक्कधारकाने ठरवावं. पण त्याचा परिणाम असा की अ‍ॅपमधलं प्रत्येक गाणं कुठल्या ना कुठल्या कराराच्या आधारावर उभं असतं आणि कराराला मुदत असते. स्पॉटिफाय 2019 च्या फेब्रुवारीत भारतात आलं आणि दोनच महिन्यांत सारेगामाने दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन आपली गाणी तिथून काढायला लावली. करार व्हायला 2020 साल उजाडलं. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही. मराठी भावगीत, नाट्यगीत, जुनं चित्रपटसंगीत यांचा केवढा मोठा हिस्सा त्या एका कंपनीकडे आहे हे लक्षात घेतलं, तर त्या काळात मराठी श्रोत्यासाठी ते अ‍ॅप किती रिकामं होतं हे कळेल. 2023 च्या मार्चमध्ये झी म्युझिकच्या बाबतीत पुन्हा तेच झालं. नव्या हिंदी चित्रपटांची गाणी होती म्हणून त्या वेळी निदान बोंब तरी झाली. एखादं जुनं मराठी भावगीत यादीत राखाडी पडलं, म्हणजे नाव दिसतं पण वाजत नाही असं झालं, तर कोण ओरडणार?

माझी भाची म्हणते, "मामा, एका अ‍ॅपवर नसेल तर दुसऱ्यावर असेल. नाहीतर यूट्यूब आहेच की." दहातल्या नऊ गाण्यांच्या बाबतीत तिचं बरोबर आहे, आणि मीही रोज लोकलमध्ये अ‍ॅपच उघडतो. स्ट्रीमिंगने जे केलं त्याला नाकं मुरडणाऱ्या मंडळींशी माझं जमत नाही. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन एलपी विकत घेणं ही कधीच सगळ्या मुंबईची चैन नव्हती. विरारच्या चाळीतल्या किंवा मानखुर्दच्या वसाहतीतल्या मुलाला आज स्वस्तातल्या फोनवर मल्लिकार्जुन मन्सूर ऐकता येतात, ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न आहे तो दहाव्या गाण्याचा.

यूट्यूबवर ते दहावं गाणं सापडतं तेव्हा ते तिथे कुणी ठेवलेलं असतं? बहुतेक वेळा कंपनीने नाही. डोंबिवलीतल्या नाहीतर सांगलीतल्या कुणा निवृत्त माणसाने स्वतःजवळची तबकडी किंवा कॅसेट संगणकात उतरवली, सोबत गायिकेचा एक फोटो लावला आणि चढवली. कॉपीराइटच्या तीन तक्रारी लागल्या की त्या माणसाचा अख्खा चॅनेल जातो. म्हणजे "यूट्यूबवर सगळं आहे" याचा अर्थ, कुणीतरी आधी आपल्या कपाटात जपलं होतं, एवढाच. नवं कपाट भरणारे थांबले तर पुढच्या पिढीचं यूट्यूब कशातून भरणार?

मराठी गाण्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या लेखी तीच सगळ्यात मोठी. आपण गाणं ओळखतो ते तीन नावांनी: कवी, संगीतकार, गायक. नाट्यपद असेल तर नाटकाचं नावही हवं. रेडिओवर निवेदक ही नावं सांगायचे, कॅसेटच्या आतल्या कागदावर ती छापलेली असायची. अ‍ॅपमध्ये ठळक दिसतं ते गायकाचं नाव. कवी सापडला तर सापडला, तोही दोन-तीन वेळा बोट दाबल्यावर. गाण्याचं नाव रोमन लिपीत, तेही ज्याने जसं टंकलं तसं, त्यामुळे एकच गाणं तीन स्पेलिंगांनी शोधावं लागतं. शोधलं की वर येतात लो-फाय, रिव्हर्ब, कराओके आणि कुणाकुणाची कव्हरं, मूळ ध्वनिमुद्रण कुठेतरी खाली. संगीतकार म्हणून 'आनंदघन' म्हणजे लता मंगेशकर हे मराठी श्रोत्याला ठाऊक असतं, यादी जुळवणाऱ्या यंत्राला ते कोण सांगणार? 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर प्रत्येक गाण्याखाली गीत, संगीत, स्वर, शिवाय जमेल तिथे राग आणि नाटक-चित्रपटाचं नाव देवनागरीत मिळतं. हे काम अब्जावधींची उलाढाल असलेल्या कुठल्या कंपनीने केलेलं नाही. ते मराठी गाण्याच्या वेडापायी झालं आहे.

आणि एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या? गीतरामायण पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर झालं तेव्हा ते अनेक गायकांचं होतं. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे आवाज त्यात होते. आज बहुतेकांच्या कानात असतं ते सुधीर फडके यांनी एकट्याने गायलेलं, नंतर ध्वनिमुद्रिकांवर आलेलं. दोन्ही आपली. पण अ‍ॅपच्या हिशेबात 'गीतरामायण' हा शोध एकदा कुठल्यातरी उत्तराला भिडला की काम झालं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जुन्या गाण्यांवर नवे ठोके चढवून 'झंकार' आवृत्त्या निघाल्या. अशी गाणी पुढे मूळ म्हणून फिरताना मी ऐकली आहेत, आणि तरुण मुलं ती मूळ समजून आवडीने ऐकतात. त्यांची चूक नाही. शेजारी ठेवून दाखवायला मूळ प्रत कुणाकडे तरी असली पाहिजे.

पैशाच्या बाजूनेही बघा. स्पॉटिफायने 2024 पासून नियम केला की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मानधनाच्या वाटणीत हिस्सा नाही. कंपनीची बाजू अशी की कचरा गाणी चढवून चिल्लर गोळा करणाऱ्यांना आळा बसावा. ठीक आहे. पण चाळीतल्या गणपतीत एकेकाळी वाजलेलं आणि आता वर्षाला दोनशे माणसं ऐकतात असं गाणं त्या नियमाने शून्य रुपयांचं ठरलं. ज्यातून एक पैसाही येत नाही ते गाणं यादीत राखायला, त्याची नावं दुरुस्त करायला, करार संपल्यावर पुन्हा बोलणी करायला कुणाला उत्साह असेल? दुष्टावा कुणाच्याच मनात नाही. जपणं हे या धंद्यात कुणाचं कामच नाही, एवढंच.

म्हणून हार्ड डिस्कवर स्वतःचा संग्रह ठेवणाऱ्याला "काय जुन्या जमान्यातला" म्हणून हसण्याआधी जरा थांबावं. मुंबईला त्याची जुनी परंपरा आहे. 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था 1990 साली याच शहरात सुरू झाली. चोरबाजारातून, रद्दीवाल्यांकडून 78 आरपीएमच्या तबकड्या उचलणाऱ्या, लेबलावरचे क्रमांक टिपून ठेवणाऱ्या माणसांची ती संस्था. आपल्या ध्वनिमुद्रणांचा जो काही इतिहास लिहिला गेला त्याला अशा हौशी नोंदींचा मोठा आधार आहे. गिरगाव, दादर, पार्ल्याच्या बैठकींत स्पूल आणि नंतर कॅसेट रेकॉर्डर घेऊन बसणारे रसिकही याच जातकुळीचे. तबकडीच्या साडेतीन मिनिटांत न मावलेला ख्याल त्यांच्यामुळे राहिला. केसरबाई केरकरांसारख्या, ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत अतिशय काटेकोर असलेल्या गायिकेच्या बाबतीत तर असा प्रत्येक तुकडा मोलाचा.

मात्र याच मंडळींबद्दल एक कडू गोष्टही बोलायला हवी. संग्राहकांतले कित्येक कंजूष. "माझ्याकडे अमुक बैठकीचं टेप आहे" हे सांगण्यातच त्यांचं सुख. ऐकवतील, पण प्रत देणार नाहीत. माणूस गेला की मुलं ठाण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये जातात आणि खोके रद्दीत. त्यात आपली हवा. मुंबईच्या दमटपणात कॅसेटच्या फितीला पांढरी बुरशी धरते, स्पूल चिकटतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. कलिना-कुर्ल्याच्या तळमजल्यांवर त्या दिवशी फर्निचरबरोबर आणखी काय काय भिजलं याची मोजदाद कुणी केलेली नाही. एकाच जागी, एकाच माणसाकडे, एकाच प्रतीत असलेला संग्रह हा खरं तर संग्रह नव्हेच.

डिजिटल संग्रहाने नेमकी ही अडचण सुटते, आणि तीही वन बीएचकेत. साध्या हिशेबाने, 320 केबीपीएसच्या, म्हणजे चांगल्या दर्जाच्या, एमपी3 मध्ये चार मिनिटांचं गाणं दहा एमबीच्या आत बसतं. एक टीबीच्या, तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये अशी लाखभर गाणी राहतात. सीडीचा एक कणही न गमावता ठेवायचं तर फ्लॅक ही फाइल वापरावी. जागा तिप्पट लागते, पण तीस-पस्तीस हजार गाणी तरीही मावतात, आणि एवढी नवी-जुनी मराठी गाणी नावानिशी सांगू शकणारा माणूस मला अजून भेटायचाय. एमपी3 चे पेटंट-परवाने 2017 साली संपले, फ्लॅक मुळातच मोफत आणि खुलं आहे. त्यामुळे फाइल वाजवायला उद्या कुणाची परवानगी लागेल ही भीती नाही.

वेळ लागतो तो नोंदींना. एमपी3टॅग किंवा पिकार्ड अशी मोफत साधनं आहेत. संगीतकार आणि गीतकार यांचे रकाने फाइलच्या आत आधीपासूनच असतात, ते फक्त कुणी भरत नाही. मी ते देवनागरीत भरतो. गाडीतला म्युझिक सिस्टम देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतो, दाखवू दे. टीपेच्या रकान्यात फाइल कशावरून उतरवली ते लिहितो: तबकडी, कॅसेट, सीडी, की रेडिओवरून. कशावरून उतरवली हे लिहायला लोक विसरतात आणि पुढे तेच कळीचं ठरतं. प्रती तीन ठेवाव्यात, त्यातली एक मुंबईबाहेर, बहिणीकडे नाशिकला किंवा मित्राकडे पुण्याला. सगळंच साठवू नये, हेही तितकंच खरं. गाजलेलं हिंदी गाणं उद्याही कुठे ना कुठे मिळेल. ज्याची उणीव कुणालाच भासणार नाही असं तुम्हाला वाटतं, ते आधी उतरवा: आजोळच्या कीर्तनकाराची कॅसेट, कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेतलं पार्श्वसंगीत, स्थानिक कंपनीने काढलेली लोकगीतं, शाहिरांची आणि भीमगीतांची ध्वनिमुद्रणं. भीमगीतांच्या कॅसेट तर दादरला चैत्यभूमीवर 6 डिसेंबरच्या स्टॉलवर विकल्या जायच्या. त्या छोट्या कंपन्यांतल्या किती जणांकडे आज मास्टर टेप असेल?

"मग हे सगळं कायदेशीर आहे का?" हा प्रश्न लगेच येतो, आणि यायलाच हवा. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात खाजगी, वैयक्तिक वापरासाठीचा रास्त वापर ध्वनिमुद्रणांनाही लागू झाला. स्वतः विकत घेतलेली कॅसेट स्वतःच्या ऐकण्यासाठी संगणकात उतरवणाऱ्याने दचकायचं कारण नाही. तीच फाइल टेलिग्रामच्या ग्रुपवर हजारांना वाटणं वेगळं. कॉलेजच्या दिवसांत आपण सगळ्यांनी स्टेशनबाहेरच्या टपरीवर मेमरी कार्डात 'गाणी भरून' घेतली आहेत. त्याला मी परंपरा म्हणणार नाही. गीतकार-संगीतकारांच्या ताटातला घास होता तो.

पण सरळ मार्गाने गाणं विकत घेऊन ठेवायचं म्हटलं तर दुकान कुठे आहे? ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं. फ्लाइट गेलं. गूगलचं गाण्यांचं दुकान 2020 मध्ये मिटलं. अ‍ॅपलचं आयट्यून्स स्टोअर भारतात 2012 पासून आहे, पण ते आहे हेच बहुतेकांना माहीत नाही. बँडकॅम्पवर स्वतंत्र कलाकार फाइल विकतात, पैशाचा मोठा वाटा कलाकाराला जातो, आणि मराठीतल्या नव्या बँडनी तिकडे जरूर जावं. जुन्या मराठी गाण्यांची मालकी असलेल्या कंपन्यांनी आपल्याच संकेतस्थळावर पाच-दहा रुपयांना, कवी-संगीतकारांच्या नावांसह, बिनकुलपाची फाइल विकायला काय हरकत आहे? "कोण विकत घेणार?" हे उत्तर मला मान्य नाही. विकत घेणारे थोडे असतील, पण ते नेमके जपणारे असतील. चोरी करू नका म्हणायचं आणि घेण्याची वाट बंद ठेवायची, हा व्यवहार एकतर्फी आहे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदाच आला: काढून घेता येईल असा परवाना देत असाल तर 'खरेदी करा' असं बटण लावताना ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. त्यात अ‍ॅपमधल्या 'डाउनलोड' या बटणाचीही कधीतरी चौकशी व्हावी.

कालांतराने हक्क संपतात, तिथेही गाडं अडतं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. म्हणजे 1960 साली निघालेल्या तबकडीवरच्या मुद्रणाचा हक्क 2020 अखेर संपला. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं: गदिमा 1977 साली गेले, त्यांचे शब्द 2037 अखेरपर्यंत हक्काखाली. गुंता आहे, पण निदान मुद्रण मोकळं झालं असेल तेव्हा त्याची स्वच्छ प्रत समाजाकडे हवी ना? ती आज असलीच तर कुणाच्या तरी लोखंडी कपाटात आहे.

पुस्तकांच्या बाबतीत आपण हे सत्तर वर्षांपूर्वीच शहाणपणाने सोडवलं आहे. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत स्वखर्चाने ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते, आणि त्यातलं एक ग्रंथालय मुंबईत, टाउन हॉलमध्ये. मूळ कायद्यात दंड अवघा पन्नास रुपयांपर्यंतचा, आणि कितीतरी प्रकाशक तोही गृहीत धरत नाहीत, हे खरं. तरी तत्त्व ठरलेलं आहे. कुणी वाचो न वाचो, छापलेल्या पुस्तकाची एक प्रत जनतेच्या नावावर जमा. गाण्याला असं तत्त्व नाही. चित्रपटांसाठी पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. ध्वनिमुद्रणाची प्रत सक्तीने जमा करा असं सांगणारा कायदा मात्र आपल्याकडे नाही. फ्रान्समध्ये आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा हारतुरे पुष्कळ झाले. त्या निमित्ताने येणारा पैसा शिलालेख आणि पोथ्यांवर खर्च व्हावाच. पण ही भाषा शंभरहून अधिक वर्षं तबकडीवर बोलते-गाते आहे, तिकडेही थोडा वळवावा.

1898 पासून उभं असलेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि गावोगावची अनुदानित ग्रंथालयं इथे खाजगी संग्राहकांनी आपल्या डिस्कची प्रत नोंदींसकट ठेवावी, तिथे बसून कुणालाही हेडफोन लावून ऐकता यावं, बाहेर नेता येऊ नये. एवढ्या बेताच्या व्यवस्थेला कंपन्यांनी हरकत घ्यायचं कारण दिसत नाही, आणि घेतलीच तर कायद्यात तेवढं एक कलम वाढवावं. 1954 च्या कायद्यात वर्तमानपत्रं नव्हती. दोनच वर्षांनी, 1956 मध्ये, दुरुस्ती करून ती घातली गेली. आज नवं गाणं प्रकाशित करताना कंपनी फाइल, चित्र आणि नावांचा तक्ता एकाच वेळी डझनभर अ‍ॅपना पाठवते. त्या यादीत टाउन हॉलच्या ग्रंथालयाचा पत्ता घालायला पुन्हा एक दुरुस्ती पुरेल.